एकटीने तंजावर: पहिलाच प्रवास, जाणकारांची मदत हवी

निळीशाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी सांगलीची, वय २१, ऑप्टोमेट्रीच्या शेवटच्या वर्षाला. जानेवारीत सुट्टी आहे आणि घरचे, मैत्रिणी, टूरवाले यांपैकी कुणालाही सोबत न घेता एकटीने तंजावरला जायचं ठरवलंय. तंजावरच का, असं घरातही सगळ्यांनी विचारलं. शाळेच्या इतिहासात तंजावर एका वाक्यात येतं: व्यंकोजीराजांनी तिकडे राज्य स्थापन केलं. पुढे त्या राज्याचं काय झालं, ते लोक कुठे गेले, मराठी तिथे किती टिकली, यातलं काहीच कुणी सांगत नाही. ते मला स्वतः जाऊन बघायचंय.

कच्चा आराखडा असा: तंजावर, कुंभकोणम, चिदंबरम, मदुराई, रामेश्वरम, आणि जमलं तर कन्याकुमारी. एका आठवड्यात बसेल ना? तमिळ येत नाही. आईचा विरोध नाही, पण तिला झोप लागत नाहीये. सांगलीहून कसं जावं, कुठे राहावं, काय चुकवू नये, सगळं सांगा.

---

घाटवाट

आधी यादीला कात्री लाव. कन्याकुमारी, रामेश्वरम, मदुराई तिन्ही काढ. आठवड्यात हे सगळं केलंस तर तुला बस स्टँड तेवढे आठवतील. तंजावरला मुक्काम ठेव आणि तिथून कुंभकोणम-दारासुरम एक दिवस, तिरुवैयारू अर्धा दिवस. चिदंबरमसाठी पुन्हा जा.

सांगलीहून गाडीचं सोपं आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस दुपारी सुटते, सकाळी बंगळूरला पोचते. म्हैसूरहून बंगळूरमार्गे मैलाडुदुरैकडे जाणारी रात्रीची गाडी तुला पहाटे तंजावरला सोडेल. मधला दिवस बंगळूरला मिळतो, सामान क्लोकरूमला टाक आणि फिर. दोन्ही आरक्षणं आजच बघ, पोंगलच्या आसपास त्या बाजूच्या गाड्यांत उभं राहायला जागा नसते. शक्यतो पोंगल उलटल्यावरच नीघ.

उतरल्यावर उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षालयात बस. अंधारात रिक्षा शोधत फिरायची घाई नको.

---

कावेरीकाठ

नोकरीमुळे त्रिचीत बरीच वर्षं काढली, तंजावर तिथून बसने दीड तासावर. घाटवाट यांना पूर्ण अनुमोदन. सुचेल तसं लिहितो.

बृहदीश्वराला तिथे कुणी बृहदीश्वर म्हणत नाही. रिक्षावाल्याला ‘पेरिय कोविल’ सांग, म्हणजे मोठं देऊळ. राजवाड्याला ‘अरण्मनै’. तंजावरचे भोसले राजे शरफोजी यांच्या नावाचा उच्चार तिकडे ‘सरबोजी’ असा होतो. रिक्षा मीटरने चालत नाहीत, बसण्याआधी भाडं ठरव. ‘एव्वळवु?’ म्हणजे किती, ‘वेण्डाम’ म्हणजे नको, ‘पोदुम’ म्हणजे पुरे. हा तिसरा शब्द जेवताना फार लागतो, कारण वाढणारा थांबत नाही. पुरुषांना अण्णा, बायकांना अक्का. एवढ्यावर तुझं काम भागेल.

गावात दोन बस स्टँड आहेत. जुना स्टँड गावात, देवळापासून चालत जाण्याजोगा. नवा स्टँड गावाबाहेर, त्रिची-मदुराईच्या गाड्या तिथून. राहायची जागा जुना स्टँड, रेल्वे स्टेशन आणि देऊळ यांच्या मधल्या पट्ट्यात बघ. साध्या भाड्याच्या शहर बसमध्ये बायकांना २०२१ पासून तिकिटाचे पैसे पडत नाहीत, त्याचा भरपूर फायदा घे.

देऊळ सकाळी सहाला उघडतं. दुपारी साडेबाराच्या सुमारास गाभारा बंद, चारला पुन्हा सुरू. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आवार सगळं दगडी, दुपारी जानेवारीतही पाय भाजतात. जाड मोजे जवळ ठेव. एकदा सकाळी सहाला आणि एकदा संध्याकाळी पाचला, असं किमान दोनदा जा. दोन वेगळी देवळं पाहिल्यासारखं वाटतं. प्रदोषाच्या संध्याकाळी नंदीला मोठा अभिषेक असतो, गर्दी अफाट. गर्दी सोसत असेल तर जरूर अनुभव, नाहीतर तिथी बघून टाळ.

---

उंबरठा

निळीशाई, मी दोन मुलींची आई आहे, त्यामुळे तुझ्या आईच्या बाजूने लिहिते. तिला झोप लागत नाही याचं कारण तंजावर नाही. तू कधी कुठे असशील हे तिला डोळ्यांसमोर आणता येत नाहीये. तो एक कागद तिला करून दे: गाडी क्रमांक, डबा, लॉजचं नाव, पत्ता, फोन. फोन करायच्या वेळा ठरव आणि त्या पाळ. माझ्या मोठीने असं केलं तेव्हा तिसऱ्या दिवसापासून मीच फोनची वाट बघणं सोडलं.

लॉजला स्वतः फोन करून ‘एकटी मुलगी आहे, चालेल ना’ हे आधीच विचार. काही ठिकाणी ऑनलाइन आरक्षण घेतात आणि दारात नाही म्हणतात. दुसरा एक पत्ता लिहून ठेवच. आधारची छापील प्रत, थोडी रोकड वेगळ्या जागी. १८१ महिला हेल्पलाइन, ११२ पोलीस, १३९ रेल्वे, हे फोनमध्ये घालून ठेव. झोपताना खोलीची आतली कडी तपास. आणि बिनधास्त जा, बाळा. एकविसाव्या वर्षी मला कुणी जाऊ दिलं असतं तर मी गेले असते.

---

निळीशाई

उंबरठा काकू, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘यांना सांग, कागद मला दोन प्रतींत पाहिजे.’ एक फ्रिजवर लावणार आहे.

घाटवाट, कावेरीकाठ काका, यादी कापली. तंजावर, कुंभकोणम-दारासुरम, तिरुवैयारू, एवढंच. आरक्षणं झाली, पोंगलनंतरची. आता आत काय बघायचं ते कुणी सांगेल का? देवळातल्या मराठी शिलालेखाबद्दल ओझरतं वाचलंय.

---

मोडीवाचक

ताई, तुम्ही योग्य प्रश्न विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजे १६७६च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. तिथून १८५५पर्यंत भोसल्यांचं घराणं तिथे होतं, म्हणजे जवळजवळ १८० वर्षं. पुण्यात पेशवाई बुडाल्यावरही तंजावरचा दरबार भरत होता. शेवटचे शिवाजीराजे मुलगा मागे न ठेवता गेले आणि कंपनीने संस्थान खालसा केलं.

पण तुम्ही नीट ओळख करून घ्यावी ती त्यांच्या वडिलांची, दुसऱ्या शरफोजीराजांची (१७७७–१८३२). त्यांचं शिक्षण श्वार्ट्झ या पाद्र्याच्या देखरेखीखाली झालं. १७९९च्या तहाने कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. हातात उरला तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. वय बावीसच्या आसपास. तुमच्याच वयाचे म्हणा.

या माणसाने पुढे काय केलं ते बघा. सरस्वती महाल या ग्रंथालयाचा संग्रह वाढवला. पाया मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांचा, पण आज जे वैभव दिसतं ते बहुतांशी शरफोजींचं. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं आणि युरोपातून मागवलेली पुस्तकं, त्यातल्या कित्येकांवर राजांची सही. देवनागरी छापखाना घातला आणि १८०६मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, तेव्हा मुंबईत मराठी छपाईने बाळसंही धरलं नव्हतं. दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम रूढ आहे तो या चौघांनी बसवलेला.

आणि तुमच्यासाठी खास. राजांना वैद्यकाचा नाद होता, धन्वंतरी महाल नावाची संस्था त्यांनी चालवली. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तिथे ठेवल्या जात. रुग्णाचं वय, तक्रार, उपचार, आणि सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. हे कागद सरस्वती महालात जपलेले आहेत. सगळं संग्रहालयात मांडलेलं नसतं, अभ्यासासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. कॉलेजचं पत्र घेऊन जा. ग्रंथालय बुधवारी बंद असतं, निघण्याआधी एकदा खात्री करा.

आता शिलालेख. मोठ्या देवळाच्या आवारात नैर्ऋत्य कोपऱ्याकडे भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरला आहे. वर्ष १८०३. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना करतात. ते वर्ष लक्षात ठेवून वाचा. राज्य जाऊन चारच वर्षं झालेली, आणि राजा आपल्या घराण्याची हकीकत दगडात घालतो आहे. कागद जळतो, दप्तर कंपनी उचलून नेऊ शकते, पण देवळाची भिंत कोण नेणार? मला त्या भिंतीसमोर नेहमी हेच वाटत आलं आहे.

---

पाषाणवेडा

मोडीवाचक, माहिती उत्तम, पण मला एक गोष्ट बोलायचीच आहे. आपले लोक तंजावरला जातात, मराठी शिलालेखासमोर फोटो काढतात, दरबार हॉल बघतात आणि परत येतात. ज्या भिंतीवर तो लेख आहे ते देऊळ राजराज चोळाने बांधलं, १०१० साली पुरं झालं. मराठे तिथे पोचायच्या साडेसहाशे वर्षं आधी. फक्त मराठ्यांसाठी तंजावर बघणं हा त्या शहरावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

निळीशाई, तू आत शिरताना दरवाजे नीट बघ. पहिला मराठ्यांच्या काळातला. त्यानंतर केरळांतकन, राजराजाने केरळावर मिळवलेल्या विजयाच्या नावाचा. मग राजराजन तिरुवासल, त्याच्या दोन बाजूंना प्रचंड द्वारपाल. पुढे नंदी, एका दगडातला, तो नायकांच्या काळातला. देवीचं देऊळ पांड्यांच्या काळातलं, सुब्रह्मण्याचं नायकांच्या. म्हणजे प्रत्येक सत्तेने तिथे काहीतरी जोडलं, पण चोळांचं विमान (गाभाऱ्यावरचं शिखर) झाकेल असं कुणी काही बांधलं नाही. २१६ फुटांच्या आसपास उंची, सगळं ग्रॅनाइट, आणि तंजावरच्या जवळपास ग्रॅनाइटची खाण नाही.

जोत्यावर चोळांचे तमिळ लेख आहेत. तुला वाचता येणार नाहीत, पण काय लिहिलंय ते ठाऊक असू दे. राजराज म्हणतो: आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सारं दगडावर कोरा. बहिणीचं नाव कुंदवै. देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आणि त्यांना दिलेल्या घरांची नोंदही आहे. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे साध्या बायकांची नावं पत्त्यासकट! माझ्या लेखी हे विमानाच्या उंचीपेक्षा मोठं आहे.

‘विमानाची सावली जमिनीवर पडत नाही’ असं कुणी गाइड सांगेल. पडते. सकाळी स्वतः बघ.

राजवाड्यातलं कलादालन चुकवू नकोस, तिथे चोळांची ब्राँझ आहेत. तिरुवेंकाडूला सापडलेला वृषवाहन शिव शोध, १०११चा. तासभर दे त्याला.

---

मोडीवाचक

पाषाणवेडा, तुमचं म्हणणं मान्य. फक्त मराठ्यांसाठी तंजावर बघू नये. पण मराठी वाचकाला तिथे एक सोय आहे, जी इतर पर्यटकांना नाही. त्या आवारात मैलभर दगडी मजकुरासमोर तो निरक्षर असतो आणि एका भिंतीशी आला की अक्षरं बोलायला लागतात. तिथून आत शिरावं आणि मग चोळांकडे जावं. मी स्वतः असाच गेलो. तमिळ लिपी शिकलो ती त्यानंतर.

---

पाषाणवेडा

हे पटलं. दार म्हणून मराठी, घर सगळं बघायचं. मग माझी हरकत नाही.

---

अडैयार

मी चेन्नईची, माहेर आणि सासर दोन्ही तंजावर मराठी. आम्ही लोक इथे लिहायला बिचकतो, कारण आमची मराठी तुम्हाला वेगळी वाटते. हे लिहिताना मुलीकडून तपासून घेतलं आहे, ती पुण्यात शिकते.

तंजावरचे मराठी राज्य गेल्यावर कुठे गेले, असं निळीशाईने विचारलं. कुठेच गेले नाहीत. तंजावर, कुंभकोणम, त्रिची, चेन्नई, बंगळूर इथे आहेत. पुष्कळ घरांत नावापुढे राव लागतं. सर टी. माधवराव हे आमच्यातलेच. जन्म कुंभकोणमचा, १८२८. त्रावणकोरचे दिवाण झाले, इंदूरचे झाले, पुढे बडोद्यात सयाजीराव लहान असताना राज्याचा कारभार त्यांनीच पाहिला. आमच्या घरात आजीपर्यंत सगळ्या मराठीतच भांडायच्या. माझ्या पिढीत हिशोब मराठीत, शाळा तमिळमध्ये. मुलांच्या पिढीत ‘जेवलास का’ एवढं उरलंय. पण देवघरात समर्थांची आरती होते, अजून होते. समर्थ संप्रदायाचे मठ तिकडे साडेतीनशे वर्षांपासून आहेत.

एक विनंती. तिथे कुणी मराठी बोलणारं भेटलं तर ‘तुमची मराठी चुकीची आहे’ असं म्हणू नकोस. आम्हाला हे महाराष्ट्रात फार वेळा ऐकावं लागतं. आमच्याकडे भाषा पुस्तकांतून आली नाही, आयांनी ती सांभाळली. ये, छान होईल तुझी यात्रा.

---

उंबरठा

अडैयार ताई, लिहीत राहा. तुमच्यासाठी वेगळा धागा हवा खरं तर.

---

खाऊगल्ली

बाकी सगळं झालं, खाण्याचं कुणीच नाही? दुपारी केळीच्या पानावरचं साधं जेवण घे, सांबार, रसम, ताक या क्रमाने. सांबार तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मलं अशी आख्यायिका आहे, पुरावा मागू नका, चव बघा. वांग्याचं रसवांगी कुठे मिळालं तर सोडू नकोस. तिरुवैयारूला अशोका हलवा, मूगडाळीचा, तुपात न्हालेला, गरम असतानाच खा. कुंभकोणमला डिग्री कॉफी पितळी डबरा-टंबलरमध्ये. दुपारी अडीचनंतर जेवण संपतं, उशीर करू नकोस.

---

निळीशाई

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. कॉलेजचं पत्र मिळालं. उद्या निघते. पोचल्यावर लिहीन.

---

निळीशाई

पोचले. सुखरूप. लॉजवाल्याने दारात नाही म्हटलं, एकट्या मुलीला खोली देत नाही म्हणे, फोनवर हो म्हणाला होता तरी. उंबरठा काकू, तुमचा दुसरा पत्ता कामी आला. तिथल्या बाईंनी काहीच विचारलं नाही, आधार बघितलं आणि किल्ली दिली. आईला नवा पत्ता कळवलाय, फ्रिजवरचा कागद बदललाय.

---

उंबरठा

शाब्बास. आता काही काळजी नाही.

---

निळीशाई

परत आले. वृत्तांत लिहायला वेळ लागला, कॉलेज सुरू झालं. एकेक दिवस सांगत नाही, जे मनात राहिलं तेवढं लिहिते.

पहिल्या सकाळी सहाला मोठ्या देवळात गेले. पाषाणवेडा, सावली पडते. लांबच लांब, पश्चिमेकडच्या ओवऱ्यांपर्यंत. एक आजोबा आवाराला फेऱ्या मारत होते, बाकी झाडणारे आणि मी. तुम्ही सांगितलेल्या जोत्यावरच्या चोळ लेखांसमोर मी बराच वेळ उभी होते. अक्षरं गोल, ओळी सरळ, माझ्या कमरेइतक्या उंचीवर. त्यातलं कोणतं वाक्य कुंदवैचं आणि कोणती नावं त्या चारशे जणींची, हे मला कळत नव्हतं. पण ती इथेच कुठेतरी आहेत हे माहीत असल्यामुळे तिथून पाय निघेना.

मग नैर्ऋत्येकडे गेले. मोडीवाचक, तुम्ही लिहिलं होतं ते शब्दशः झालं. एवढा वेळ सगळं दिसत होतं, वाचता काहीच येत नव्हतं, आणि एकाएकी भिंतीवर ‘राजे’ दिसलं. मग ‘शाहाजी’. शब्द एकमेकांना चिकटून कोरलेत, त्यामुळे आधी गोंधळ होतो. मी बोटाने हवेत अक्षरं गिरवत हळूहळू वाचायला लागले. काही जागी दगडाचा पापुद्रा गेलाय, वाक्य मध्येच तुटतं. मी मोठ्याने वाचत होते हे माझ्या लक्षातही आलं नाही. शेजारी एक तमिळ कुटुंब येऊन थांबलं, त्यांच्या शाळकरी मुलाने इंग्रजीत विचारलं, ‘तुम्हाला हे वाचता येतं?’ हो म्हटलं. मग त्याच्या वडिलांनी मला वाचायला लावलं आणि मी जमेल तसा अर्थ सांगितला. ते म्हणाले, लहानपणापासून इथे येतोय, हे काय लिहिलंय ते आज ऐकलं. मग मी त्यांना जोत्याकडे घेऊन गेले आणि म्हटलं, आता तुम्ही वाचा. त्यांनाही जुनी लिपी सगळी लागेना, पण एखाददुसरं अक्षर ओळखून त्या मुलाने ओरडायला सुरुवात केली. माझ्या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत सुंदर वेळ.

कलादालनातला वृषवाहन शिव सापडला. शिव उभा आहे, एक पाय दुसऱ्यावर आडवा, केसांचं पागोट्यासारखं वेटोळं. उजवा हात कोपरात दुमडून नंदीच्या पाठीवर रेललेला आहे, आणि नंदी नाहीच. तो कधीच हरवला. हात मात्र त्याच विश्वासाने टेकलेला. बोटं अशी सैल आहेत की नंदी तिथे आहे असंच वाटतं. आम्हाला शरीररचना शिकवतात, हाताचं वजन कुठे पडतं ते मला कळतं. त्या कारागिरालाही ते पक्कं कळत होतं. त्याच दालनात शिवपार्वतीच्या लग्नाची मूर्ती आहे, पार्वती किंचित मान झुकवून, हात शिवाच्या हातात. तिच्यासमोर नवविवाहित जोडपी उभी राहून फोटो काढत होती.

दरबार हॉलचे खांब-कमानी रंगवलेल्या आहेत, रंग उडालेत, दुरुस्ती हवी. शरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. शिवगंगा तलावाजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्येही गेले. तिथे संगमरवरात कोरलेला प्रसंग आहे: श्वार्ट्झ मरणशय्येवर आणि तरुण राजा त्याचा हात धरून शेजारी. एकाच गावात हे दोन्ही बघितल्यावर तो माणूस मला नावापुरता राहिला नाही.

आता सरस्वती महाल. संग्रहालयातली ताडपत्रं, सह्या असलेली पुस्तकं आणि माणसांचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशी ताडून काढलेली फ्रेंच चित्रं बघितली. मग पत्र दाखवलं. नेत्ररुग्णांचे मूळ कागद बघायला मिळाले नाहीत, त्यासाठी आधीपासून परवानगीची प्रक्रिया लागते आणि ते बरोबरच आहे, दोनशे वर्षांचा कागद येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कसा द्यायचा? पण तिथल्या अधिकाऱ्यांनी अर्ज कसा लिहायचा, विभागप्रमुखांचं पत्र कसं हवं ते नीट बसून सांगितलं. अर्ज पाठवला आहे. मोडीवाचक, मोडी शिकायची आहे. कुठून सुरुवात करू?

तिरुवैयारूला शहर बसने गेले, कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट दिलं. कावेरीच्या काठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी. ती बांधली बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने, १९२०च्या दशकात, स्वतःचे दागिने-मिळकत घालून. तेव्हा त्यांनाच, बाई म्हणून, त्यागराजांच्या पुण्यतिथीच्या उत्सवात गायला मज्जाव होता. आता समाधीसमोर त्यांचीही मूर्ती आहे, हात जोडून बसलेली. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, तिथल्या पुजाऱ्यांनी सांगितलं. पुढे जाणाऱ्या मुलींनो, तंजावरला गेलात तर ही जागा टाळू नका.

दारासुरमचं देऊळ शांत, बारीक कोरीव कामाचं, मोठ्या देवळापेक्षा मला जवळचं वाटलं. कुंभकोणमची गर्दी सोसवली नाही, कॉफी प्यायले आणि परत फिरले.

अडैयार मावशी, मराठी बोलणारं कुणी भेटेल अशी आशा होती. लॉजच्या बाई कानडी निघाल्या. पण राजवाड्याजवळच्या एका दुकानात म्हातारे राव आजोबा भेटले. सांगलीची म्हटल्यावर त्यांनी विचारलं ते मला निम्मंच कळलं आणि मी बोलले ते त्यांना निम्मं. तरी अर्धा तास बोललो. त्यांच्या बोलण्यात जुनी वळणं आहेत आणि ती ऐकायला मला फार आवडलं.

---

अडैयार

वाचून डोळे भरले. पुढच्या खेपेला चेन्नईला उतर, घरी ये. रसवांगी मी करते.

---

मोडीवाचक

आधी बाराखडीचा तक्ता घ्या आणि रोज एक पान लिहा, वाचायची घाई नको. मोडी लिहिता येऊ लागली की वाचता येते. महाराष्ट्रात पुराभिलेखागार अधूनमधून मोडीचे वर्ग घेतं, त्यावर लक्ष ठेवा. आधी पेशवाईतली साधी पत्रं वाचा. तंजावरच्या मोडीचं वळण आपल्याकडच्यापेक्षा वेगळं आहे, तिच्याकडे वर्षभराने वळा. अर्जाला उत्तर आलं की इथे कळवा, तुम्हाला लागतील ती पानं मी लावून देईन.

---

पाषाणवेडा

नंदी नसलेल्या हाताबद्दल इतकं नेमकं मी कुठे वाचलं नव्हतं. आता गंगैकोंड चोळपुरम बघ. राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने बांधलं. तंजावरहून सत्तरेक किलोमीटर. बापाचं देऊळ सरळ चढतं, मुलाचं विमान आत वळून चढतं. ते समोर उभं राहूनच कळेल.

---

पहिलीवारी

ताई, मी कराडची, एकोणीस वर्षांची. धागा अख्खा वाचला. मलाही फेब्रुवारीत जायचंय, घरी अजून विचारलं नाही. तंजावर चित्र घ्यायचं असेल तर खरं कसं ओळखायचं? आणि गाडीत कसं आणलं?

---

निळीशाई

पहिलीवारी, आधी घरी विचार, आणि विचारताना उंबरठा काकूंचा प्रतिसाद हातात ठेव. चित्राचं सांगते. फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड, त्यावर खडूचा लेप, मग उठाव, खडे आणि सोन्याचा वर्ख. सोनेरी कागद लावलेली स्वस्त चित्रंही सगळीकडे मिळतात. मी सरकारी ‘पूम्पुहार’ दुकानात आधी नुसतं बघून आले, मग एका चित्रकाराकडे जाऊन तळहाताएवढं घेतलं, बाळकृष्णाचं. त्यांनी काम अर्धवट असलेली फळी दाखवली, वर्ख लावायच्या आधीची, ती बघितलीस की फरक कळतो. काच चढवू नकोस तिथे, इकडे येऊन चढव. मी दोन ओढण्यांत गुंडाळून पिशवीत वरच्या बाजूला ठेवलं आणि रात्री उशाशी घेतलं.

तुझी तारीख कळव. त्या बाईंच्या लॉजचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते.